उपाशी निजवू नको

लेकरा, शनिवारी गाडी शेडात लावून तू रात्रीच्या बसने हैदराबादला गेलास. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी एकटाच जाऊन तिच्याजवळ बसलो. १९६५ सालची एमजीबी, दोनच माणसांची, वर कापडी टप. देगलूरच्या माझ्या दुकानात एवढ्या वर्षांत फियाट आल्या, अँबेसेडर आल्या, विलीज जीप आल्या, ट्रॅक्टर आणि लॉऱ्यांची तर गिनतीच नाही. पण इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली असली गाडी मी पहिल्यांदाच हात लावून पाहिली. तिच्या इंजिनाबद्दल मी बोलणार नाही, तो माझा धंदा नव्हे. फोनवर तू विचारलंस, ‘आजोबा, बॅटरी कोणती घेऊ?’ हे फोनवर सांगून भागण्यासारखं नाही, म्हणून लिहून ठेवतोय. सावकाश वाच.

आधी एक विचारतो. तिची बॅटरी कुठं आहे हे तू कधी पाहिलंस का? बॉनेट उघडून ती सापडायची नाही. दोन्ही सीटांच्या मागं गालिचा आहे, त्याखाली पत्र्याचं झाकण, आणि झाकणाखाली एक सोडून दोन बॅटऱ्या: सहा-सहा व्होल्टच्या, मधल्या शाफ्टच्या अल्याड एक, पल्याड एक. १९६२ पासून १९७४ पर्यंत या गाड्या अशाच यायच्या, नंतर बाराची एक बॅटरी आली. जी वस्तू रोज डोळ्यांसमोर नसते तिच्याकडे माणूस बघत नाही. तुझ्या आधीच्या मालकानंही बघितलेलं नाही. बॅटऱ्या ज्या लोखंडी पाळण्यात बसतात तो खालून उघडा असतो, आणि आपल्या काळ्या मातीचा चिखल त्यात वाळून विटेसारखा घट्ट बसला होता. मी उलथण्यानं खरवडून काढला. डावीकडचा पाळणा एका कोपऱ्यात तेजाबानं खाल्लाय. त्याला वेल्डिंग करून घे, मगच नवी बॅटरी आत ठेव. खड्ड्यात पाळणा तुटला तर बॅटरी रस्त्यावर पडेल.

मी १९६३ साली, सोळाव्या वर्षी, हैदराबाद रोडवर उस्तादांच्या हाताखाली लागलो. उस्ताद आधी निजामाच्या रेल्वेच्या रस्ता वाहतूक खात्यात बॅटरीखोलीत कामाला होते. ते खातं १९३२ साली २७ बसवर सुरू झालं होतं, आणि त्या बसांच्या गोष्टी उस्ताद चार्जिंग चालू असताना आम्हाला सांगायचे. त्या काळच्या बॅटऱ्या काळ्या, कडक रबराच्या. वरून डांबर ओतलेलं, सेलाला सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या उघड्या. एखादा सेल मेला की डांबर तापवून काढायचं, प्लेटांचा गठ्ठा उपसायचा, मधले लाकडी सेपरेटर बदलायचे आणि पट्टी पुन्हा वितळवून जोडायची. आताच्या बॅटऱ्या प्लास्टिकच्या, वरचं आवरण कायमचं चिकटवलेलं, प्लेटांपर्यंत त्या उघडत नाहीत. त्यामुळे बॅटरीचं पोट आतून पाहिलेली माणसं आता कमी उरलीत. मी ते शेकडो वेळा पाहिलंय आणि त्यावरूनच सांगतोय.

चांगल्या बॅटरीची प्लस प्लेट गडद चॉकलेटी असते, मायनस प्लेट शिशाच्या राखाडी रंगाची. आणि मेलेली बॅटरी उघडली की प्लेटांवर पांढरट थर दिसायचा. नखानं खरवडलं तर किरकिर वाजायचं. बॅटरीतून करंट काढला की तेजाबातलं सल्फेट प्लेटांच्या शिशाला धरून बसतं, आणि चार्जिंगला लावलं की सुटून परत पाण्यात येतं. पण तिला अर्ध्या पोटी आठवडेच्या आठवडे ठेवलं तर त्या बारीक कणांचे मोठे खडे बनतात. मग कितीही चार्ज कर, ते सुटत नाहीत. मेहनत करून मेलेल्या बॅटऱ्या मी फार पाहिल्या नाहीत, लॉरीची बॅटरी रोज घासली जाते तरी टिकते. उभ्या-उभ्या, अर्धवट भरलेल्या मेल्या त्या मात्र ढिगानं पाहिल्या. उस्ताद संध्याकाळी दुकान बंद करताना म्हणायचे, ‘बच्चे, इसको भूका नक्को सुला.’ उपाशी निजवू नको. तुझी गाडी महिन्यातून एकदा चालणार, म्हणजे तुझ्यासाठी हाच मंत्र आहे. खाली जे काही सांगणार आहे ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

आता निवडीचं सांगतो. सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या की व्होल्ट बारा होतात, पण अँपिअर-तास वाढत नाहीत. ५८ च्या दोन जोडल्या तरी ५८ च. पुष्कळांना वाटतं की दोन आहेत म्हणजे ताकद दुप्पट. तसं नसतं. उलट दोघींपैकी एकीचा एक सेल गेला की दुसरी चांगली असूनही गाडी उभी राहते. आणि मोटारीच्या मापाची सहाची बॅटरी आता देगलूरला मिळत नाही, नांदेडलाही हुडकावी लागेल. मिळाली तर ती किती दिवस पडून होती हे कोण सांगणार? म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बाराची एकच घे, छोट्या मोटारीची, ३५ ते ४५ अँपिअर-तासांची, आणि एका पाळण्यात बसव. गाडी जशी आली तशीच ठेवायची तुझी हौस मला समजते. प्रदर्शनाला न्यायची असेल तेव्हा दोन रिकामे डबे जागेवर ठेव. रस्त्यावर चालवायला मात्र एकच. एक बॅटरी काढली की दोघींना जोडणारी मधली केबल रिकामी होते, तीही काढून टाक. तिचं टोक लोंबकळत राहिलं आणि पत्र्याला लागलं तर सीटमागे जाळ होईल.

दुकानात जाण्याआधी पुठ्ठ्याचा साचा कापून ने. बॅटरीवर ३८बी२०एल असा नंबर दिसेल, त्यातले २० म्हणजे लांबी, सेंटिमीटरमध्ये. पण उंचीही बघ, कारण वरून पत्र्याचं झाकण बसतं. टर्मिनल झाकणाला टेकलं तर शॉर्ट झालंच समज. टर्मिनलवर जाड रबर घालूनही वर दोन बोटं जागा राहिली पाहिजे. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. छोट्या मोटारींच्या या बॅटऱ्यांचे खांब बारीक असतात आणि तुझ्या इंग्रजी गाडीचे क्लॅम्प जाड खांबाचे. लोक काय करतात? मध्ये पत्र्याची चकती नाहीतर खिळा ठोकतात. सेल्फ मारताना त्या सांध्यातून दीडशे-दोनशे अँपिअर जातात, तिथं ठिणगी उडते, खांब वितळतो. बारीक खांबावर चढवायची शिशाची टोपी मिळते, तीच घाल. नाहीतर जाड खांबाचीच बॅटरी माग.

तारीख बघूनच बॅटरी घे. कंपनीचा कोड समजत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घे, लाजू नको. सहा महिन्यांहून जास्त दुकानात पडलेली बॅटरी नवी असली तरी माझ्या लेखी जुनी. मीटर लावून बघ, १२.६ च्या खाली असेल तर परत ठेव. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का आपल्यासमोर मारून घे.

झाकणं उघडणारी, पाणी घालता येणारी बॅटरी घ्यायची की सीलबंद, यावर तुझ्या मित्रांचं मत वेगळं असेल. ते म्हणतील, बॅटरी माणसं बसतात तिथंच आहे, तेजाबाचा वास नको, सीलबंद घ्या. त्यात तथ्य आहे. पण तुझ्या गाडीत जुना डायनामो आणि जुना रेग्युलेटर आहे, आणि तो कधी १४ देतो तर कधी १५. सीलबंद बॅटरी जास्त चार्ज झाली आणि मे महिन्याच्या उन्हात तिचं पाणी उडालं, तर ते परत घालता येत नाही. झाकणाची बॅटरी मला उघडून बघता येते, तिच्या प्रत्येक सेलाला विचारता येतं. सहा सेलांत कोण आजारी आहे हे सीलबंद बॅटरी सांगत नाही. म्हणून झाकणाची घे आणि तिच्या वाफेची नळी पत्र्याच्या भोकातून खाली सोड. थंडीत सेल्फ मारण्याच्या ताकदीचा जो मोठा आकडा बॅटरीवर छापतात त्याच्यामागे लागू नको. तो बर्फाच्या मुलखासाठी आहे, आपल्याला भीती उन्हाळ्याची. आणि इन्व्हर्टरची बॅटरी स्वस्तात मिळाली म्हणून कधी लावू नको. तिच्या प्लेटा जाड आणि थोड्या, हळूहळू खूप वेळ देण्यासाठी केलेल्या. सेल्फच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ, एका झटक्यात देण्यासाठी. लोडशेडिंगच्या दिवसांत एकानं मोटारीची बॅटरी घरात पंख्याला लावली होती. महिनाभर रोज रात्री ती पार उतरायची. माझ्याकडे आणली तेव्हा पातळ प्लेटांचा मसाला गळून तळाशी गाळ झाला होता.

आता जे सांगतो ते दोनदा वाच. तुझ्या गाडीचं प्लस बॉडीला आहे. आपल्या रस्त्यावरच्या आताच्या गाड्यांचं मायनस बॉडीला असतं, तुझ्या गाडीचं उलटं. १९६७ च्या शेवटी या गाड्यांत ऑल्टरनेटर आला आणि मायनस बॉडीला गेलं, तुझी त्याआधीची आहे. त्यामुळे लोक ‘मायनस आधी काढा’ म्हणून जे पाठ करतात ते इथं चालत नाही. खरा नियम असा की बॉडीला जोडलेली केबल आधी काढायची आणि शेवटी लावायची. तुझ्या गाडीत ती प्लसची. कारण साधं आहे: बॉडीची केबल निघाली की दुसऱ्या बाजूचा पाना चुकून पत्र्याला लागला तरी काही होत नाही. प्लसचा खांब मायनसपेक्षा जरा जाड असतो, तेव्हा बॉडीच्या केबलचा क्लॅम्पही त्या जाड खांबालाच बसेल. कुणी शहाणा मेकॅनिक ‘उलटं लावलंय’ म्हणून बदलायला लागला तर त्याचा हात धर. मी आज झाकणाच्या आतल्या बाजूला तांबड्या रंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलंय: प्लस बॉडीला.

मोबाइलचा चार्जर या गाडीच्या सिगारेटच्या सॉकेटात घालू नको, आतली धातूची वाटी प्लसला आहे. आणि बॅटरी उतरली म्हणून मित्राच्या गाडीवरून करंट घ्यायची वेळ आलीच, तर दोन गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या करू नका. बंपरला बंपर लागला की तुझ्या गाडीची प्लस बॉडी आणि त्याच्या गाडीची मायनस बॉडी भिडली. केबल प्लसला प्लस, मायनसला मायनस. बॉडीला हुक लावायचा जो नियम तुझ्या मित्राला पाठ असेल, तो तुझ्या गाडीवर लावू नको म्हणावं. माझं ऐकशील तर धक्का स्टार्ट कर. हलकी गाडी आहे, दोन माणसं पुरतात.

सीटमागून इंजिनापर्यंत लांबच लांब जाड केबल गेली आहे, तिच्याकडे लक्ष दे. पुष्कळ वेळा बॅटरी चांगली असते, दोष केबलचा असतो, आणि माणूस तीन बॅटऱ्या बदलतो. सेल्फ चार-पाच वेळा मारून सांध्यांना हात लावून बघ, जो गरम लागेल तो खराब. मीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या खांबावर, दुसरं सेल्फच्या टर्मिनलवर ठेवून सेल्फ मार. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर मधे कुठेतरी करंट अडतोय. इंजिन ते बॉडी जी विणलेली पट्टी असते तिचंही तेच. आणि सेल्फ फिरताना खुद्द बॅटरीवर साडेनऊ व्होल्टच्या खाली आकडा गेला तर दोष बॅटरीचा. किल्ली फिरवलीस की मागून पेट्रोल पंपाची टकटक ऐकू येते ना? ती जलद सुरू होऊन थांबली की समज सगळं ठीक आहे. रेंगाळत, थकल्यासारखी वाजली तर सेल्फ मारू नको, आधी मीटर लाव.

आकडे ध्यानात ठेव. रात्रभर उभी राहिलेली बॅटरी, सगळं बंद असताना: १२.७ म्हणजे पोट भरलेलं, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धं, १२ म्हणजे पावपोटी. १२.४ च्या खाली गेली की त्याच दिवशी चार्जिंगला लाव, उद्यावर टाकू नको. चार्जर काढल्या-काढल्या मोजू नकोस, तेव्हा आकडा फुगलेला असतो.

पण मीटरपेक्षा माझा विश्वास तेजाबाचा दाटपणा मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर जास्त आहे. मीटर सहाही सेलांची बेरीज सांगतो, हायड्रोमीटर एकेका सेलाचं. आम्ही उष्ण मुलखासाठी नव्या बॅटरीत १.२४० चं तेजाब भरायचो, थंड देशात १.२८० भरतात. म्हणून पूर्ण भरल्यावर तुझ्या बॅटरीचा काय आकडा येतो तो पहिल्याच दिवशी लिहून ठेव, पुढे त्याच्याशी ताडून बघ. सहा सेलांत एक बाकीच्यांपेक्षा ०.०५० नं मागे पडला तर त्याचे दिवस भरत आले. तेजाब गरम असलं की पातळ होतं आणि आकडा कमी दाखवतं. मेमधल्या बेचाळीस डिग्रीला मोजलंस तर त्यात ०.०१० मिळव.

पाण्याचं सांगतो. डिस्टिल पाणीच, पाच लिटरचा कॅन आणून ठेव. आपल्या बोअरचं पाणी किती जड आहे ते चहाच्या भांड्यावरच्या थरावरून दिसतं. तो थर प्लेटांवर नको. घरच्या फिल्टरचं पाणीही नको, एसीतून ठिबकणारंही नको. प्लेटांच्या वर करंगळीच्या पेराइतकं पाणी असावं, गळ्यापर्यंत नको. भरायचं ते चार्जिंग झाल्यावर. उतरलेल्या बॅटरीत आधी काठोकाठ भरलंस तर चार्जिंगमध्ये ते फुगून बाहेर येतं, पाळणा खातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तेवढ्या मात्र आधी झाक. मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी बघ, एरवी महिन्यानं. आणि पातळी कमी झाली म्हणून तेजाब कधी घालू नको. उडतं ते पाणी, तेजाब आतच राहतं.

उन्हाचं गणित उस्तादांनी आम्हाला शिकवलं होतं. दहा डिग्री उष्णता वाढली की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग दुप्पट. म्हणजे वीस डिग्रीला चार महिन्यांत जेवढी उतरेल तेवढी चाळीसला एका महिन्यात. आपलं शेड पत्र्याचं आहे, दुपारी आत उभं राहवत नाही. तेव्हा तू येणार नसशील त्या महिन्यांत बॅटरी गाडीतून काढून वाड्याच्या ढाळजेत ठेवू. दगडी भिंतीत उन्हाळ्यातही गारवा असतो, आणि माझं येता-जाता लक्ष राहील. फरशीवर ठेवली की उतरते असं तुझी आजी म्हणेल. ते जुन्या बॅटऱ्यांच्या काळापासून चालत आलंय. प्लास्टिकच्या डब्याला फरशी काही करत नाही, पण तिच्या समाधानासाठी खाली पाट ठेवू.

दर रविवारी दहा मिनिटं गाडी उभ्या-उभ्या चालू करायची सवय लावू नको. चालू करताना सेल्फ जे खातो ते डायनामो उभ्या इंजिनावर परत देत नाही. त्याचा सगळा भर इंजिनाच्या वेगावर असतो, मंद इंजिनावर तांबडा दिवा मिणमिणतो ना, तेव्हा तो काही देत नसतो. चालू केलीस तर होट्टलच्या मंदिरापर्यंत जाऊन ये, चांगली तापू दे. पण गाडीला पन्नास वर्षांवरची म्हणून जुन्या गाड्यांचा व्हीए नंबर घेणार आहेस म्हणतोस. २०२१ चा तो नियम रोजच्या वापराला मनाई करतो. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. म्हणजे तिचं पोट रस्त्यावर भरणार नाही, ते चार्जरनंच भरावं लागेल.

चार्जर चार अँपिअरपर्यंतचा पुरे, आपोआप कमी होणारा घे. बॅटरीच्या अँपिअर-तासाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त कधी देऊ नको. भरल्यावर तो धरून ठेवतो तो आकडा १३.५ च्या आसपास असतो, उन्हाळ्यात १३.२ बरा. आपल्याकडे लाइट जाते-येते. काही चार्जर लाइट परत आल्यावर आपणहून सुरू होत नाहीत, नुसता दिवा लागलेला असतो. घेण्याआधी दुकानातच बटण बंद-चालू करून बघ. चार्जिंगला लावताना झाकणं सैल कर, खिडकी उघडी ठेव, आणि आधी क्लॅम्प लाव मग लाइटचं बटण दाब. काढताना आधी बटण, मग क्लॅम्प.

हे मी शिकलो ते अंगावर घेऊन. दुकानात लागून वर्षही झालं नव्हतं. रात्री लाइट गेली, मी सेलात पाणी किती आहे बघायला चिमणी जवळ नेली. चार्जिंगमध्ये निघणारा गॅस पेटला, सेलाचं वरचं डांबर उडालं आणि तेजाब तोंडावर आलं. उस्तादांनी मला उचलून हौदात बुडवलं आणि डोळे उघडे धरून कितीतरी वेळ पाणी मारलं. माझी दोन्ही बुबुळं त्या पाण्यानं वाचली. सदरा धुतल्यावर त्याची चाळण झाली. म्हणून बॅटरीजवळ बिडी-काडी नको, डोळ्यांवर चष्मा घाल, हातातली अंगठी आणि कडं काढून ठेव. बादलीभर पाणी आणि खायचा सोडा शेजारी असू दे. खांबांवर हिरवा-पांढरा बुरा आला तर सोड्याच्या पाण्यानं ब्रशनं धू, सोडा सेलात जाऊ देऊ नको, कोरडं करून वर पेट्रोलियम जेली लाव.

उभ्या गाडीतून करंट गळतोय का हे बघायला मीटर लागत नाही. सगळं बंद कर, बॉडीची केबल खांबावरून काढ आणि खांब व केबल यांच्यामध्ये पाच वॅटचा दिवा धर. दिवा लागला तर कुठंतरी गळती आहे. मी आज धरला होता, अगदी अंधुक लागला. हॉर्नच्या वायरचं वरचं आवरण झिजलंय, तिला टेप मारलाय. तरीही बॉडीच्या केबलवर कटऑफ स्विच बसव आणि गाडी ठेवताना फिरव.

तुझ्या मावशीनं आत्ताच विचारून ठेवलंय की वैशाखात लग्न आहे, वरातीला गाडी मिळेल का. तोवर व्हीए नंबर झाला नसेल तर नाही म्हणू नकोस, पोरीची हौस आहे. पण वरातीइतका बॅटरीचा छळ दुसरा नाही, हे मी पाहिलंय. एका वरातीत सजवलेली फियाट होती. दोन तास पायी चालण्याच्या गतीनं गाडी, पुढे बँड, हेडलाइट पूर्ण लावलेले, पोरं हॉर्न वाजवतायत, वर आणखी झिरमिळ्या दिव्यांची माळ गाडीच्याच बॅटरीवर. इंजिन तापून दोनदा बंद पडलं, दोनदा सेल्फ मारला, तिसऱ्यांदा नुसतं कट् झालं. नवरा-नवरीला गाडीतून उतरून उभं राहावं लागलं, नवरी रडवेली झाली. तुझा डायनामो भरधाव इंजिनावरही बावीस अँपिअरच्या वर देत नाही, त्यातले आठ-दहा हेडलाइटच खातात. तेव्हा वरातीत हेडलाइट बंद, छोटे दिवे चालतील. माळेसाठी वेगळी बॅटरी डिकीत. इंजिन बंद करायचं नाही, आणि थांबल्यावर न्यूट्रलमध्ये टाकून जरा रेस वाढवून ठेवायचं, तांबडा दिवा विझेपर्यंत. आदल्या रात्री बॅटरी पूर्ण भरलेली. हे जमणार असेल तरच गाडी दे.

जुन्या दोन बॅटऱ्यांचं काय करायचं? दुकानदाराला दे, वजनावर पैसे वळते करतो. ‘शिसं काढून घेतो’ म्हणणारा कुणी दारात आला तर देऊ नको. आम्ही तेच केलं लेकरा, पस्तीस वर्षं, मागच्या अंगणात चुलीवर कढई ठेवून. उस्तादांच्या हिरड्यांवर निळसर रेघ आली होती. पोटात कळा यायच्या, शेवटी-शेवटी मनगटं लुळी पडली. हात थरथरायचे म्हणून आम्ही त्याला म्हातारपण समजलो. शिशाचा धूर काय करतो हे मला फार उशिरा कळलं, आणि त्याच अंगणात तुझी आई खेळायची. आता २०२२ च्या नियमानं जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, वितळवण्याचं काम नोंद असलेल्या कारखान्यात होतं. पावती मागून घे.

शेडाच्या दाराला मी एक पुठ्ठा टांगलाय. तारीख, व्होल्ट, आणि सेलांचे आकडे लिहायचे. पहिली ओळ माझ्या अक्षरात आहे: उजवीकडच्या तिन्ही सेलांचा आकडा १.२१० च्या आसपास, डावीकडचा मधला १.१३०. तो सेल गेला, त्याच्यामुळेच तुला शनिवारी धक्का मारावा लागला. येताना बारीक खांबावरच्या दोन टोप्या आणि कटऑफ स्विच हैदराबादहून घेऊन ये, बॅटरी आपण नांदेडला बघून घेऊ.

हायड्रोमीटर ढाळजेतल्या कोनाड्यात आहे. उस्तादांचा आहे, काचेचा. वापरून झाला की साध्या पाण्यानं दोनदा धू आणि रबराचा फुगा वर राहील असा खुंटीला टांग. आडवा ठेवलास तर तेजाब फुग्यात उतरतं आणि रबर चिकट होतं.